बिल सगळ्यांचं, खुर्ची कुणाची?

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एक विचित्र वाटावी अशी निवडणूक झाली. आमदार नाही, खासदार नाही, महापौर नाही. विजेचा दर ठरवणाऱ्या आयोगाचे दोन सदस्य लोकांनी मत देऊन निवडले. खुर्चीवर बसलेले दोन्ही रिपब्लिकन सदस्य पडले. टिम एकोल्स यांना अ‍ॅलिशिया जॉन्सन यांनी हरवलं, फिट्झ जॉन्सन यांना पीटर हबर्ड यांनी. दोन्ही विजेत्यांना ६० टक्क्यांहून जास्त मतं पडली. राज्यपातळीवरच्या अशा पदावर डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस २००६ नंतर पहिल्यांदाच निवडून आला.

बातमी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात सगळ्यांचं एकमत झालं: आपल्याकडेही हेच हवं. भिवंडीचा मित्र म्हणाला, आमच्याकडे बिलावरून रोज भांडणं होतात, पण दर ठरवणारी माणसं कोण ते कुणालाच माहीत नाही, त्यांना पाडायचं तर सोडाच. मालेगावच्याने लिहिलं, महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग लोकांनीच निवडला पाहिजे.

राग खरा आहे. मागणी मात्र चुकीची आहे, आणि आपल्यासाठी तर घातक आहे. असं का म्हणतो ते सांगतो. त्यासाठी जॉर्जियाची गोष्ट शेवटच्या पानापासून न वाचता पहिल्या पानापासून वाचावी लागेल.

जॉर्जियाचा हा आयोग मूळचा रेल्वेचं भाडं ठरवणारा. १८७९ साली स्थापन झालेला. १९०६ मध्ये कायदा झाला की त्याचे सदस्य लोकांनी निवडायचे. पुढे वीज, गॅस, टेलिफोन हे सगळं त्याच्याकडे आलं. १९०६ ची ही लोकशाही कुणासाठी होती हे दोनच वर्षांत दिसलं. १९०८ मध्ये याच राज्याने घटना दुरुस्त करून साक्षरता चाचणीसारख्या अटी आणल्या आणि कृष्णवर्णीयांना मतदारयादीतून जवळजवळ पुसून टाकलं. म्हणजे रेल्वेचं भाडं लोक ठरवणार, पण लोक कोण ते आम्ही ठरवणार.

ते दिवस गेले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने कृष्णवर्णीय पुन्हा यादीत आले. आज राज्याच्या लोकसंख्येत ते साधारण एक तृतीयांश आहेत. तरीही २०२० पर्यंत या आयोगावर निवडून आलेला कृष्णवर्णीय सदस्य फक्त एक, तोही २००० साली. का?

कारण निवडणुकीच्या आखणीत आहे. राज्याचे पाच जिल्हे पाडले आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून एक सदस्य. उमेदवाराने त्या जिल्ह्यात राहिलं पाहिजे ही अट. पण मतदान कोण करणार? फक्त तो जिल्हा नाही, पूर्ण राज्य. अटलांटा परिसरातल्या जागेचा उमेदवार अटलांटाला नको असला तरी उरलेलं राज्य त्याला निवडून देऊ शकतं.

हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. मुंबई सोडली तर आपल्या बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. चार वॉर्ड एकत्र शिवायचे, चार जागा ठेवायच्या आणि प्रत्येक जागेसाठी पूर्ण प्रभागाने मत द्यायचं. ज्या मोहल्ल्याचा एकट्याचा वॉर्ड असता तर त्याने स्वतःच्या पसंतीचा नगरसेवक निवडला असता, तो मोहल्ला प्रभागात गेला की पाव होतो. त्याचं मत काढून घेतलेलं नसतं. रांगेत उभं राहता येतं, बोटाला शाई लागते. फक्त त्या मताची जागा होत नाही. जॉर्जियात हाच प्रभाग एका राज्याएवढा आहे.

आता या आयोगाने केलं काय ते पाहू. म्हणजे ही खुर्ची किती महाग असू शकते हे कळेल.

२००९ मध्ये आयोगाने जॉर्जिया पॉवर या कंपनीला व्होग्टल इथे दोन नव्या अणुभट्ट्या बांधायला मंजुरी दिली. सगळ्या भागीदारांचा मिळून अंदाज होता सुमारे १४ अब्ज डॉलर. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला की कर्जाचा खर्च बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून वसूल करता येईल. म्हणजे एक युनिट वीज मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधी लोक त्या विजेचे पैसे भरू लागले. त्यात जे म्हातारे ग्राहक वारले, जे भाडेकरू राज्य सोडून गेले, त्यांनी पैसे दिले आणि वीज कधी पाहिलीच नाही. मार्च २०१७ मध्ये भट्ट्या पुरवणारी वेस्टिंगहाउस कंपनी दिवाळखोरीत गेली. थांबण्याची संधी होती. डिसेंबर २०१७ मध्ये आयोगाने काम पुढे चालू ठेवायचा निर्णय दिला. भट्ट्या सुरू झाल्या जुलै २०२३ आणि एप्रिल २०२४ मध्ये, सात वर्षं उशिरा. एकूण खर्च ३० अब्ज डॉलरच्या वर गेला. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने त्यातले साडेसात अब्ज डॉलर जॉर्जिया पॉवरच्या ग्राहकांच्या बिलात टाकायला मान्यता दिली. इतर वाढी धरून २०२३ पासूनच्या काळात बिल सहा वेळा वाढलं.

वीज बिल हा असा कर आहे जो गरिबाला जास्त लागतो. ज्याचा पगार मोठा त्याला बिल कळतही नाही. ज्याचं घर जुनं, भिंती पातळ, एसी जुना, त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा विजेत जातो. जॉर्जियात अशी घरं कुणाची जास्त आहेत हे सांगायला नको. म्हणून तिथल्या लोकांनी एक गोष्ट ओळखली जी आपण अजून ओळखलेली नाही. वीजदर हा नागरी हक्काचा प्रश्न आहे.

२०२० मध्ये चार कृष्णवर्णीय मतदार कोर्टात गेले. त्यातले एक रिचर्ड रोज, अटलांटाच्या एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेचे तेव्हाचे अध्यक्ष. म्हणणं साधं होतं: राज्यभर मतदान घेण्याची ही पद्धत आमचं मत पातळ करते आणि मतदान हक्क कायद्याचं कलम २ मोडते. सरकारी पक्षाचा बचाव होता की हा वंशाचा प्रश्न नाही, पक्षाचा आहे. कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सना मत देतात आणि राज्यात डेमोक्रॅट हरतात, एवढंच. हा युक्तिवाद तुम्ही कुठे ऐकला असेल तर नवल नाही. तुमच्याशी काही वैर नाही हो, तुम्ही हरणाऱ्या बाजूला मत देता त्याला आम्ही काय करणार?

ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन ग्रिमबर्ग यांनी फिर्यादींच्या बाजूने निकाल दिला. ते ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीश होते, हेही लक्षात ठेवा. त्यांनी सांगितलं, पद्धत बदलेपर्यंत या जागांची निवडणूक घेऊ नका. राज्य अपिलात गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला, तो मुख्यतः उपायाच्या मुद्द्यावर: राज्याने स्वतःसाठी निवडलेली शासनाची रचना कोर्टाने बदलून द्यावी असं कायदा म्हणत नाही. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

दरम्यान झालं काय? २०२२ ची निवडणूक थांबली ती थेट २०२५ मध्ये झाली. ज्यांची मुदत संपली होती ते तीन वर्षं खुर्चीवरच राहिले आणि बिलं वाढवत राहिले. खटला जिंकला तेव्हा मतदान थांबलं, हरला तेव्हा जुनीच पद्धत परत आली. दोन्ही वेळा खुर्ची त्यांचीच.

या गोष्टीत एक माणूस असा आहे ज्याच्याकडे आपण नीट पाहायला हवं. २०२१ मध्ये आयोगात एक जागा रिकामी झाली. राज्यपाल ब्रायन केम्प यांनी तिथे फिट्झ जॉन्सन यांना नेमलं. ते कृष्णवर्णीय आहेत. खटला चालू असताना राज्याच्या बाजूने म्हणता येत होतं, बघा, बसवला की तुमचा माणूस! फिर्यादी मागे हटले नाहीत. त्यांची मागणी आपल्या रंगाचा चेहरा हवा अशी नव्हतीच. आपण निवडलेला माणूस हवा, अशी होती. आणि २०२५ मध्ये त्याच फिट्झ जॉन्सन यांना हरवून पीटर हबर्ड हा गोरा उमेदवार निवडून आला.

आपल्या समाजात वर्षानुवर्षं उलटं शिकवलं गेलं. महामंडळावर एक नाव आलं, कुठल्या समितीवर एक शेरवानी दिसली, की पेढे वाटायचे. त्या माणसाला नेमलं कुणी, काढू कोण शकतं, तो उत्तर कुणाला देतो, हे विचारायचं नाही. चेहरा आपला आणि दोरी दुसऱ्याची असेल तर त्या चेहऱ्याचा उपयोग आपल्याला गप्प करण्यासाठीच होतो.

आता माझे मित्र म्हणतील, पण शेवटी २०२५ मध्ये जिंकले ना? त्याच पद्धतीने, पूर्ण राज्याच्या मतदानाने जिंकले. अ‍ॅलिशिया जॉन्सन तर पक्षाच्या तिकिटावर राज्यव्यापी पद जिंकणारी जॉर्जियातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. मग पद्धतीत खोट कुठे राहिली?

जिंकले हे खरं. पण केव्हा जिंकले ते पाहा. कृष्णवर्णीय मतदारांची तक्रार जुनी होती. एकटे होते तेव्हा ते हरत होते. गोऱ्या उपनगरांतल्या घरांचं बिल सहा वेळा वाढलं तेव्हा त्यांचीही मतं फिरली. बहुसंख्याकांच्या खिशाला झळ बसली त्या दिवशी अल्पसंख्याकांचं मत मोजलं गेलं. यातून दोन धडे निघतात. पहिला, अशी पद्धत आपल्याला हक्क देत नाही, कधीमधी नशीब देते. दुसरा धडा आशेचा आहे: बिलावरची आघाडी शक्य असते, आणि ती धर्म-वंशाच्या भिंती ओलांडू शकते. दुसऱ्या धड्याकडे मी पुन्हा येईन.

त्याआधी निवडणुकीचीच आणखी दोन उदाहरणं. अमेरिकेत दहा राज्यांत असे आयोग निवडणुकीने भरतात. त्यातलं एक अ‍ॅरिझोना. तिथल्या मोठ्या वीज कंपनीच्या पालक कंपनीने २०१९ मध्ये कबूल केलं की २०१४ च्या आयोगाच्या निवडणुकीत तिने एक कोटी सात लाख डॉलर ओतले होते. ज्याचे दर ठरवायचे तोच न्यायाधीशाच्या प्रचाराचं बिल भरतो. पाच वर्षं हे उघडपणे मान्यही झालं नव्हतं. आपल्याकडच्या निवडणुकांत पैसा कसा फिरतो ते तुम्हाला माहीत आहे. आमदारकीसाठी जे होतं ते लाखो कोटींच्या वीज व्यवहारावर बसलेल्या तीन खुर्च्यांसाठी होणार नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

दुसरं उदाहरण लुइझियाना. तिथेही पाच सदस्य, तिथेही निवडणूक. पण प्रत्येक जिल्हा आपापला सदस्य स्वतःच निवडतो. त्यातला एक जिल्हा कृष्णवर्णीयबहुल आहे. २०२२ मध्ये तिथून डावांते लुईस हा तरुण उमेदवार बरीच वर्षं जागेवर असलेल्या कृष्णवर्णीय सदस्यालाच हरवून निवडून आला. हे खरं प्रतिनिधित्व. नको असेल तर आपल्याच माणसाला पाडण्याची ताकद.

इथे कुणीतरी हात वर करेलच: म्हणजे तुम्हाला स्वतंत्र मतदारसंघ हवेत, १९०९ चं मोर्ले-मिंटो परत आणायचंय? नाही. स्वतंत्र मतदारसंघात मतदारयादी धर्मावर फाडली जाते. मुसलमान मुसलमानालाच मत देणार. लुइझियानात यादी एकच आहे. त्या जिल्ह्यातला प्रत्येक जण, काळा असो की गोरा, मत देतो. जिल्हा लहान आहे आणि तिथे राहणाऱ्यांनाच तिथलं ठरवता येतं, एवढंच. आपले विधानसभा मतदारसंघ असेच आहेत. त्याला कुणी फुटीरता म्हणत नाही.

मग महाराष्ट्रात जिल्हावार निवडणूक मागायची का? आकडे काढून बघा. कायद्याप्रमाणे राज्य आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य. उद्या कायदा बदलून पाच केले, तरी राज्याचे पाच तुकडे होतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम होते साधारण साडेअकरा टक्के, तेही मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, मराठवाडा असे विखुरलेले. जॉर्जियात एक तृतीयांश लोकसंख्येला पाचात एक जिल्हा मिळू शकतो. आपल्याला कुठल्याही प्रामाणिक नकाशात मिळणार नाही. म्हणजे राज्यभर मतदान झालं तर आपण बुडणार, जिल्हावार झालं तरी बुडणार, आणि वर निवडणुकीचा खर्च उचलणारा सदस्याच्या कानात बोलणार. ज्या निवडणुकीत आपली हार आखणीतच लिहिलेली आहे, ती निवडणूक आपणच मागायची?

याचा अर्थ आजची पद्धत चांगली आहे असा अजिबात नाही. ती कशी आहे ते ऐका.

वीज कायदा २००३ प्रमाणे राज्य आयोगाच्या नेमणुकीसाठी तिघांची निवड समिती असते: उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, राज्याचे मुख्य सचिव, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष. समिती एका जागेसाठी दोन नावं देते. त्यातलं एक राज्य सरकार नेमतं. सदस्याची मुदत पाच वर्षं. आता विचार करा, महावितरणची मालकी कुणाकडे? राज्य सरकारकडे. म्हणजे ज्या कंपनीचा दर ठरवायचा तिचा मालकच दर ठरवणाऱ्याची निवड करतो. ग्राहकाच्या वतीने त्या समितीत कुणी नाही. ती दोन नावं कोणती होती आणि दुसरं का वगळलं, हे विचारायची सोय नाही.

याचा परिणाम काय होतो? जाहीर सुनावण्या होऊन २८ मार्च २०२५ ला महावितरणच्या पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश आला. त्यात दर कमी होणार होते. काही दिवसांत महावितरणच्या अर्जावरून त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला. पुढे वाद कोर्टात गेला. सुनावणीत वेळ काढून बोललेल्या सामान्य ग्राहकाने यातून काय समजायचं?

‘हा तांत्रिक विषय आहे, तज्ज्ञांवर सोडा’ असं सांगणारे लगेच येतील. मी स्वतः इंजिनिअर आहे, त्यामुळे हा युक्तिवाद खरं तर माझ्या सोयीचा. पण तो अर्धाच खरा आहे. एक युनिट वीज बनवायला किती खर्च येतो, तारांत किती गळते, हे गणित आहे आणि ते जाणकारानेच करावं. तो खर्च कुणाच्या अंगावर टाकायचा हे गणित नाही. तुमचं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. स्थिर आकार वाढवला की एक पंखा आणि दोन दिवे लावणाऱ्याचं बिल जास्त टक्क्यांनी वाढतं. वीज आकाराचे वरचे टप्पे वाढवले की मोठ्या घरांचं वाढतं. जमा होणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच ठेवता येते. यातलं काय निवडायचं हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्यायाच्या प्रश्नात ज्याच्या अंगावर ओझं पडतं त्याला बोलायचा हक्क असतो.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगाव, मुंब्रा-शीळ-कळवा इथे २०२० पासून वितरणाचं काम खाजगी फ्रँचायझी कंपन्यांकडे आहे. मीटर, वसुली, जोडणी तोडणं, चोरीचे गुन्हे यांवरून तिथे मोर्चे निघतात, धरणी होतात, नेते भाषणं करतात. त्यातल्या अनेक तक्रारी खऱ्या असतात. पण एक गोष्ट बहुतेक भाषणांत येत नाही. फ्रँचायझी दर ठरवत नाही. परवाना महावितरणचाच राहतो आणि दर आयोग ठरवतो. यंत्रमागाला सवलत द्यायची तर ती राज्य सरकारने द्यायची, आणि कायद्याचं कलम ६५ सांगतं की त्या सवलतीचे पैसे सरकारने आगाऊ भरायचे. म्हणजे आपण ज्या दारावर दगड मारतो त्या दारामागे निर्णय घेणारा बसलेलाच नाही. जिथे बसला आहे त्या दारावर आपण जात नाही.

आणि ते दार, कबूल करूया, उघडं आहे. दरवाढीचा अर्ज आला की तो जाहीर करावा लागतो, सूचना-हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, फी लागत नाही, आपलं मत राज्याच्या साडेअकरा टक्क्यांत मोजलं जात नाही. तिथे एका माणसाने नीट मांडलेला मुद्दासुद्धा आदेशात नोंदवावा लागतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. कलम ९४ प्रमाणे आयोग ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, विदर्भातल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांच्या संघटना यांना अशी मान्यता मिळाली. त्यांनी ती भांडून, अभ्यास करून मिळवली. विणकरांच्या शहरांतून त्या यादीत कोण होतं? कुणी नाही. याचा दोष आयोगाला देता येणार नाही. आपण अर्जच केला नाही.

मशिदीच्या भोंग्यावर, हिजाबवर, एखाद्या पोस्टवर आपल्याकडे एका रात्रीत हजार माणसं जमतात. त्यातले काही प्रश्न खरोखर मोठे आहेत, मी त्यांना लहान म्हणत नाही. पण दर महिन्याला घराघरात येणाऱ्या कागदावर बोलायला एक माणूस उभा राहत नाही. आपल्या नेत्यांना हे सोयीचं आहे. ओळखीच्या प्रश्नावर भाषण पुरतं. वीजदराच्या प्रश्नावर शेकडो पानांचा अर्ज वाचावा लागतो.

म्हणून निवडणुकीऐवजी या चार मागण्या.

एक, निवड समितीत ग्राहकांचा स्वतंत्र प्रतिनिधी हवा आणि सुचवलेली दोन्ही नावं नेमणुकीआधी जाहीर व्हावीत. त्यांचे आधीचे कंपन्यांशी असलेले संबंधही. यासाठी केंद्राचा कायदा बदलावा लागेल, पण नावं जाहीर करायला राज्याला आजही कुणी अडवलेलं नाही.

दोन, सरकारी खर्चाने चालणारा पण सरकारपासून स्वतंत्र असा ग्राहक वकील हवा. जॉर्जियात असं कार्यालय होतं. २००८ मध्ये त्याचे पैसे बंद केले गेले, आणि पुढच्याच वर्षी व्होग्टलला मंजुरी मिळाली. त्या सुनावणीत ग्राहकांच्या बाजूने बोलणारं सरकारी कार्यालयच उरलं नव्हतं.

तीन, सुनावण्या नाशिक, पुणे, नागपूर, अमरावती अशा विभागीय शहरांपुरत्या नकोत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथेही व्हाव्यात. रोजंदारीवरचा विणकर एक दिवसाची मजुरी सोडून शंभर किलोमीटर जाणार नाही. नोटीस मराठी-इंग्रजीबरोबर उर्दू दैनिकांतही यावी.

चार, सुनावणीनंतर आलेला आदेश पुन्हा सुनावणी घेतल्याशिवाय बदलू नये.

यातल्या एकाही मागणीवर धर्माचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हाच जॉर्जियाचा दुसरा धडा. भिवंडीचा मोमीन आणि इचलकरंजीचा कोष्टी यांच्या बिलात तोच स्थिर आकार येतो. विटा, सोलापूर, मालेगाव, सगळीकडे माग बंद पडण्याचं एक कारण तेच. आयोगासमोर आपण मुसलमान म्हणून एकटे गेलो तर साडेअकरा टक्के आहोत. विणकर, भाडेकरू, लहान दुकानदार म्हणून इचलकरंजीला सोबत घेऊन गेलो तर बहुसंख्य आहोत. यासाठी आपली ओळख लपवायची गरज नाही. मुंब्र्याची मुलगी हिजाब घालून आयोगासमोर उभी राहील आणि स्थिर आकाराबद्दल बोलेल. तिला तिच्या धर्माबद्दल उत्तर द्यावं लागणार नाही, आयोगालाच तिच्या आकड्यांना उत्तर द्यावं लागेल.

हे वाचणाऱ्यांत इंजिनिअर आहेत, सीएचा अभ्यास करणारे आहेत, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेले आहेत. पुढचा दरवाढीचा अर्ज जाहीर होईल तेव्हा तुमच्या गल्लीतली वीस बिलं गोळा करा. वीस घरांच्या बारा महिन्यांचे आकडे एका तक्त्यात मांडा. स्थिर आकार वाढला तर कुणाचं किती वाढतं ते काढा. दोन पानांची हरकत मराठीत लिहा. सुनावणीला एकटे जाऊ नका. इचलकरंजीच्या किंवा विट्याच्या एका संघटनेला आधी फोन करा. माझ्या ग्रुपवरच्या भिवंडी आणि मालेगावच्या मित्रांना मी हेच सांगितलं आहे. बिलं गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे. आत्तापर्यंत सात घरांची आली आहेत.